पहिली एअर रायफल, पहिले पिस्तूल : निवड कशी करावी?

कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडी गावच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्याआधी त्याच स्पर्धेत मनू भाकरने एअर पिस्तुलात दोन कांस्यपदके मिळवली होती; त्यांतले दुसरे सरबज्योत सिंगच्या साथीने. अशा यशानंतर घराघरांतून एक हट्ट ऐकू येऊ लागतो. मुलाला किंवा मुलीला नेमबाज व्हायचे असते आणि त्यासाठी बंदूक हवी असते. पालक दुकानाची वाट धरतात आणि तिथेच पहिली चूक होण्याचा संभव असतो.

नेमबाजीत पहिली बंदूक ही पहिली खरेदी नव्हे. काही हजारांपासून लाखांपर्यंत किमती असलेल्या या बाजारात घाईने घेतलेली रायफल वर्षभरात कपाटावर जाऊन पडते. मुलाचा उत्साह मावळतो आणि घरची पुंजी अडकते ती वेगळीच. उलट थोडा धीर धरून, शरीराचे माप आणि स्पर्धेचा गट पाहून केलेली निवड पुढची अनेक वर्षे साथ देते. ही निवड करताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याची माहिती नवोदितांना आणि त्यांच्या पालकांना उपयोगी पडावी.

खेळणे, खेळ आणि शस्त्र

हवेच्या दाबावर चालणारी प्रत्येक बंदूक एकाच जातीची नसते. जत्रेत फुगे फोडण्यासाठी हाती दिली जाते ती छर्ऱ्याची साधी स्प्रिंग बंदूक. दुसरा प्रकार एअरसॉफ्टचा. जपानमध्ये १९७० च्या दशकात रुजलेला आणि पुढे अमेरिका-युरोपात पसरलेला हा लुटुपुटीच्या लढाईचा खेळ आहे. त्यात खऱ्या शस्त्रांसारख्या दिसणाऱ्या बंदुकांतून ६ मिलीमीटर व्यासाच्या, सुमारे ०.२० ग्रॅम वजनाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या सुटतात. डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून खेळाडू एकमेकांवर नेम धरतात.

तिसरा प्रकार १० मीटर अंतरावरील नेमबाजीच्या एअर रायफलचा आणि एअर पिस्तुलाचा. ऑलिम्पिकमध्ये एअर रायफल १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे आणि एअर पिस्तूल १९८८ मध्ये सोल येथे दाखल झाले. यात ४.५ मिलीमीटर म्हणजे ०.१७७ इंच व्यासाचा शिशाचा छर्रा वापरतात. स्पर्धेच्या रायफलचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि तो सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास भरते. एअरसॉफ्टच्या गोळीची ऊर्जा बहुधा एक ज्यूलच्या आसपास असते. हा फरक ध्यानात ठेवला तर एक गोष्ट स्पष्ट होते. एअर रायफल कोणत्याही माणसाकडे, गमतीनेसुद्धा, रोखायची नसते. तिच्या छर्ऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो.

जाहिरातींतून 'अधिक ताकद', 'अधिक वेग' असे शब्द ठळकपणे छापलेले असतात. १० मीटरच्या खेळात त्यांना अर्थ नाही. कागदाला स्वच्छ भोक पाडण्याइतकी ताकद पुरेशी असते. हवी असते ती प्रत्येक छर्ऱ्यामागची समान ताकद. दुर्बीण लावलेली, दणकट दिसणारी बंदूक या खेळाच्या कामाची नाही.

आधी रेंज, मग दुकान

एअर रायफलच्या निशाणावरील दहाचे वर्तुळ अवघे अर्धा मिलीमीटर व्यासाचे असते, म्हणजे बॉलपेनने टेकवलेल्या ठिपक्याएवढे. छर्ऱ्याचा मध्य या ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलीमीटरच्या आत पडला तर दहा गुण मिळतात. खांद्यापासून मीटरभर पुढे असलेले नळीचे टोक पाव मिलीमीटर जरी हलले तरी दहाचा नऊ होऊ शकतो. इतक्या सूक्ष्म खेळात उभे राहणे, श्वास रोखणे आणि ट्रिगर ओढणे यांचा वाटा फार मोठा असतो. या गोष्टी दुकानात विकत मिळत नाहीत.

त्यामुळे नवोदिताने आधी जवळच्या रेंजवर नाव नोंदवावे. मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पुण्यात बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल, कोल्हापुरात दुधाळीची रेंज ही जाणकारांच्या परिचयाची ठिकाणे. याखेरीज अनेक जिल्ह्यांत खासगी क्लब चालतात. बहुतेक ठिकाणी शिकाऊ खेळाडूला सुरुवातीला क्लबची रायफल किंवा पिस्तूल वापरायला मिळते. निदान तीन महिने अशा उसन्या बंदुकीवर काढावेत. या काळात तीन प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. मुलाला या एकाकी, शांत खेळाची गोडी खरोखरच लागली आहे का? त्याचा कल रायफलकडे आहे की पिस्तुलाकडे? आणि त्याच्या हाताला, खांद्याला, मानेला कोणती ठेवण मानवते?

क्लब निवडतानाही काही गोष्टी पाहाव्यात. प्रशिक्षक स्वतः उपस्थित असतो का, सुरक्षिततेचे नियम काटेकोर आहेत का, सिलिंडर भरण्याची सोय आहे का, आणि क्लब जिल्हा किंवा राज्य संघटनेशी संलग्न आहे का, हे विचारून घ्यावे. संलग्नतेवर पुढे स्पर्धांतील प्रवेश अवलंबून असतो.

रायफल की पिस्तूल?

रायफल दोन्ही हातांनी, खांद्याला टेकवून, उभ्याने चालवतात. नियमानुसार तिचे वजन साडेपाच किलोपेक्षा अधिक असू शकत नाही; प्रत्यक्षात मोठ्यांच्या रायफली चार ते पाच किलोंच्या असतात. पिस्तूल एकाच हाताने, बाहू लांब करून, कोणत्याही आधाराविना धरावे लागते. त्याची वजनमर्यादा दीड किलो आहे आणि बहुतेक पिस्तुले एक किलोच्या आसपास असतात. एक किलो वजन ऐकायला हलके वाटते. पण सरळ हाताच्या टोकाला ते सव्वा तासात साठ-सत्तर वेळा तोलून धरायचे असते, हे विसरता कामा नये.

निशाणेही वेगळी असतात. पिस्तुलाच्या निशाणावरील दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलीमीटरचे, म्हणजे रायफलच्या तुलनेत बरेच मोठे असते. हे औदार्य अर्थातच एका हाताच्या थरथरीसाठी आहे. दोन्ही प्रकारांत मोठ्या गटाच्या पात्रता फेरीत साठ फैरी झाडायच्या असतात. २०१८ पासून स्त्री-पुरुष दोघांनाही हीच संख्या लागू आहे.

खर्चाच्या दृष्टीने दोहोंत मोठे अंतर आहे. पिस्तूलवाल्याला साध्या कपड्यांत आणि सपाट तळाच्या बुटांत सुरुवात करता येते. रायफलवाल्याला मात्र कॅनव्हास-चामड्याचे ताठर जाकीट, तशीच पँट, हातमोजा आणि खास बूट लागतात. जाकिटाच्या कापडाची जाडी अडीच मिलीमीटरपेक्षा अधिक चालत नाही आणि मोठ्या स्पर्धांत ती यंत्राने मोजली जाते. हा पोशाख कंबरेला आणि मणक्याला आधार देतो. म्हणून तो मापाचाच असावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलाला तो दोन वर्षांत आखूड होतो. रायफल निवडणाऱ्या पालकांनी हा हिशेब बंदुकीच्या किमतीतच धरावा.

स्पर्धेचा गट आधी ठरवा

शालेय आणि प्रारंभिक स्पर्धांत साधारणपणे ओपन साईट एअर रायफल, पीप साईट एअर रायफल आणि एअर पिस्तूल असे गट असतात. ओपन साईटमध्ये मागे खाच आणि पुढे उभा काटा अशी साधी रचना असते. पीप साईटमध्ये मागे बारीक छिद्र आणि पुढे गोल रिंग असते. रिंगच्या मधोमध निशाणाचा काळा गोल आणायचा असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत एअर रायफल म्हणजे पीप साईटच.

याचा खरेदीशी थेट संबंध आहे. ओपन साईटसाठी घेतलेली साधी रायफल पीप साईटच्या गटात टिकाव धरू शकत नाही; आणि पीप साईटची महागडी रायफल ओपन साईटच्या गटात चालेलच असे नाही. आपले मूल येत्या वर्षभरात कोणत्या गटात उतरणार आहे, त्या गटात कोणत्या बनावटीची बंदूक चालते, हे संघटनेच्या चालू वर्षाच्या नियमपत्रकात पाहून प्रशिक्षकाकडून पक्के करून घ्यावे. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

हवा येते कुठून?

बंदुकीची किंमत, अचूकता आणि देखभाल या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी एका प्रश्नावर ठरतात: छर्ऱ्याला ढकलणारी हवा कशी तयार होते?

सर्वांत जुना आणि स्वस्त प्रकार स्प्रिंगचा. नळी मोडून किंवा बाजूचा दांडा ओढून आतली स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर ओढताच स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि हवा दाबली जाऊन छर्रा सुटतो. याला सिलिंडर लागत नाही, बिघाड कमी आणि दुरुस्ती सोपी. देशी बनावटीच्या अशा रायफली काही हजारांत मिळतात. पण जड दट्ट्या धावल्याने छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच रायफल हिसका खाते. लहान चणीच्या मुलाला प्रत्येक फैरीपूर्वी नळी मोडणेही जड जाते. आणखी एक पथ्य म्हणजे छर्रा न घालता स्प्रिंगची बंदूक उडवू नये. दट्ट्या आणि स्प्रिंग यांना इजा होते.

दुसरा प्रकार एका दांड्यात हवा भरण्याचा. प्रत्येक फैरीआधी दांडा एकदा ओढून हवा कोंडली जाते. हिसका जवळजवळ नसतो आणि अचूकता उत्तम असते. १९८० च्या दशकात मोठ्या स्पर्धांत अशा रायफलींचा दबदबा होता. आजही सुस्थितीतील जुनी रायफल मिळाल्यास शिकाऊ खेळाडूसाठी ती चांगली ठरू शकते. दांडा ओढण्याचे कष्ट आणि त्यामुळे दर फैरीला मोडणारी उभे राहण्याची ठेवण ही तिची उणी बाजू.

तिसरा प्रकार कार्बन डायऑक्साइडचा. या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो. नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी आणि डिसेंबरच्या सकाळी एकच बंदूक वेगवेगळ्या ठिकाणी छर्रे टाकू लागते. स्पर्धात्मक नेमबाजीतून हा प्रकार बहुतेक मागे पडला आहे. जुना माल म्हणून तो स्वस्तात पुढे केला गेला तर सावध राहावे.

चौथा आणि आज सर्वमान्य असलेला प्रकार आधीच दाबून भरलेल्या हवेचा. रेंजवर त्याला पीसीपी म्हणतात. नळीखालच्या सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाबाने हवा भरलेली असते. मोटारीच्या टायरमधील हवेच्या तुलनेत हा दाब जवळपास नव्वद पट आहे. नियंत्रक झडप प्रत्येक फैरीला मोजकीच हवा सोडते. हिसका नगण्य, मेहनत नाही आणि एकदा भरलेल्या सिलिंडरवर सरावाची दोन-तीन सत्रे सहज होतात. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ, स्टायर, मोरिनी, पार्डिनी या युरोपीय कंपन्यांची स्पर्धात्मक शस्त्रे याच तत्त्वावर चालतात. त्यांच्या किमती लाखाच्या पुढे जातात. अलीकडे भारतीय बनावटीच्या पीसीपी रायफलीही बाजारात आल्या आहेत.

पीसीपी घेणाऱ्याने सिलिंडरची तारीख पाहिलीच पाहिजे. नामांकित युरोपीय कंपन्या आपल्या सिलिंडरचे आयुष्य दहा वर्षे धरतात आणि तारीख त्यावर कोरलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत बाद होऊ शकतो; शिवाय तो धोक्याचाही आहे. सिलिंडरमध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरावी. ऑक्सिजन कदापि भरू नये. तेलाच्या अंशाशी त्याची गाठ पडल्यास स्फोट होऊ शकतो. हातपंपाने हवा भरता येते, परंतु कोकण-मुंबईच्या दमट हवेत पंपातून पाण्याचा अंश आत जाण्याची भीती असते. क्लबच्या मोठ्या टाकीवरून भरणे अधिक चांगले.

अंगाला बसणारी बंदूक

चप्पल जशी दुसऱ्याच्या पायाच्या मापाने घेत नाहीत, तशी बंदूकही घेऊ नये. रायफल घेताना दस्त्याची लांबी, गाल टेकवायच्या पट्टीची उंची आणि पुढच्या हाताचा आधार या तिन्ही गोष्टी कमी-जास्त करता येतात का, हे पाहावे. रायफल खांद्याला लावल्यावर मान न वाकवता, ताण न देता डोळा साईटच्या रेषेत आला पाहिजे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांची पाच किलोची रायफल दिली तर तो तोल सांभाळण्यासाठी कंबर नको तितकी मागे झुकवतो आणि पाठीचे दुखणे ओढवून घेतो. अशांसाठी हलकी, आखूड दस्त्याची शिकाऊ रायफल मिळते.

पिस्तुलात सारा जीव मुठीत असतो. लाकडी मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि उजव्या-डाव्या हाताची वेगळी मिळते. मूठ धरल्यावर तर्जनी मोकळी राहून ट्रिगरवर सरळ टेकली पाहिजे. तळव्यात पोकळी राहता कामा नये. मुठीखालची पट्टी वर-खाली करता येते, परंतु मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देणारा असल्यास नियमात बसत नाही.

खरेदीपूर्वी प्रबळ डोळा कोणता, हेही तपासावे. दोन्ही हात पुढे लांब करून पंजांमध्ये छोटीशी फट ठेवावी आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून भिंतीवरचे घड्याळ पाहावे. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहते तो प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघाला, तर बंदूक कोणत्या बाजूची घ्यायची हा निर्णय प्रशिक्षकाच्या सल्ल्यानेच घ्यावा. चष्मा असणाऱ्यांनी नेत्रतज्ज्ञाला आपण नेमबाजी करतो हे आवर्जून सांगावे. कारण येथे निशाणापेक्षा समोरची साईट ठळक दिसणे महत्त्वाचे असते.

ट्रिगरची पारख

नवोदिताला दहापासून दूर नेणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे झटक्याने ओढलेला ट्रिगर. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचा भार नियमाने किमान ५०० ग्रॅम असावा लागतो आणि स्पर्धेआधी वजन लटकवून तो तपासला जातो. रायफलला अशी किमान मर्यादा नाही. म्हणून काही जण पहिल्याच दिवशी ट्रिगर अतिशय हलका करून घेतात. ही घाई बरी नव्हे. बोट ट्रिगरवर ठेवणे, पहिला टप्पा घेणे आणि दुसऱ्या टप्प्यावर हळूहळू दाब वाढवणे ही सवय अंगवळणी पडेपर्यंत भार थोडा अधिकच असावा.

बंदुकीत छर्ऱ्याविना सराव करण्याची सोय आहे का, हेही विचारावे. स्पर्धात्मक पीसीपी बंदुकांत ती असते. घरी पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून रोज वीस मिनिटे असा सराव केल्यास एकही छर्रा खर्च न होता हात तयार होतो.

यांत्रिक ट्रिगर की इलेक्ट्रॉनिक, हा प्रश्न काही दुकानांत उपस्थित केला जातो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय मऊ असतो, पण तो बॅटरी आणि सर्किट यांवर अवलंबून असतो. पहिल्या बंदुकीसाठी, जिथे दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ शेजारी नसतो, यांत्रिक ट्रिगर अधिक भरवशाचा. बंदुकीचा बिघाड किती महागात पडतो हे २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये दिसले. एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल ऐन वेळी बिघडले. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानावर राहिली. विक्रीनंतरची सेवा कोण देणार, सुटे भाग किती दिवसांत मिळणार, हे प्रश्न म्हणूनच किमतीइतके महत्त्वाचे आहेत.

चालू खर्चाचा हिशेब

बंदूक एकदाच घ्यायची असते. छर्रे मात्र रोज लागतात. स्पर्धेच्या छर्ऱ्यांचा डबा साधारण ५०० चा येतो. रोज ८० फैरी आणि महिन्याला २५ दिवस सराव धरला तर महिन्याला २,००० छर्रे, म्हणजे चार डबे लागतात. त्यात रेंजचे शुल्क, प्रशिक्षकाची फी, स्पर्धेची प्रवेशफी आणि प्रवास मिळवावा. ज्या घराला ही मासिक रक्कम वर्षभर पेलणार असेल, त्यानेच तिच्यावर बंदुकीची किंमत चढवावी. सगळी पुंजी उंची रायफलीत घालून छर्ऱ्यांना काटकसर करण्यापेक्षा, मध्यम बंदूक आणि भरपूर सराव हा मार्ग गुणफलकावर अधिक दिसतो.

छर्रेही सारखे नसतात. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० मिलीमीटर अशा सूक्ष्म फरकाने बदलतो आणि प्रत्येक नळीला ठरावीक छर्राच मानवतो. दोन-तीन प्रकारचे छर्रे घेऊन, रायफल टेकवून पाच-पाच फैरींचे गट पाडून पाहावेत. ज्या छर्ऱ्याची भोके एकमेकांत मिसळतात तो आपला. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात साबणाने धुवावेत आणि रेंजवर खाणे टाळावे. मुलांच्या बाबतीत या पथ्याला पर्याय नाही.

जुनी घ्यावी का?

नेमबाज पुढच्या पायरीवर गेले की जुनी बंदूक विकतात, आणि क्लबच्या ओळखीत अशी चांगली बंदूक निम्म्या खर्चातही मिळू शकते. मात्र घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. सिलिंडरची तारीख किती उरली आहे? सिलिंडर भरून रात्रभर ठेवल्यास सकाळी दाबमापकाचा काटा खाली येतो का? येत असेल तर झडपेतून किंवा रबरी वायसरातून हवा गळते आहे. बंदूक टेकवून झाडलेल्या पाच फैरी एकाच भोकात बसतात का? आणि मूळ खरेदीची पावती, अनुक्रमांक व विक्रेत्याचे ओळखपत्र जुळते का? यांतील एकाही प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर मिळाले तर व्यवहार सोडून द्यावा. नव्या स्पर्धात्मक बंदुकीबरोबर कारखान्यात झाडलेल्या फैरींचा कागद येतो. तो मागून घ्यावा.

कायदा आणि घर

शस्त्र नियम, २०१६ नुसार नळीचा व्यास ०.१७७ इंचांपेक्षा अधिक असलेली किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा देणारी हवाई बंदूक परवान्याच्या कक्षेत येते. १० मीटरच्या खेळातील बंदुका या मर्यादेच्या पुष्कळ आत असतात. मात्र ०.२२ इंची एअरगन 'परवान्याची गरज नाही' असे सांगून कोणी विकत असेल तर ते खरे मानू नये. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा आणि पक्की पावती जपून ठेवावी. अल्पवयीन मुलासाठीची खरेदी पालकाने स्वतःच्या नावे करावी. परदेशातील नातेवाइकाने सामानातून बंदूक आणावी, हा विचारही करू नये. आयातीचे नियम वेगळे आहेत आणि विमानतळावर ती अडकण्याची शक्यता मोठी.

परवाना लागत नाही याचा अर्थ बंधन नाही असा नव्हे. रेंजवर नेताना बंदूक कुलूपबंद पेटीत असावी आणि क्लबचे ओळखपत्र सोबत ठेवावे. रिक्षात, लोकलमध्ये किंवा सोसायटीच्या आवारात ती उघडी दाखवू नये. लांबून पाहणाऱ्याला ती खरीच वाटते. गच्चीवरून कबुतरांवर, कावळ्यांवर छर्रे झाडणे हा खेळ नव्हे, क्रौर्य आहे आणि कायद्याच्या कचाट्यात सापडण्याचा मार्गही.

घरी बंदूक आणि छर्रे वेगवेगळ्या कपाटांत, कुलपात ठेवावेत. नळीत रंगीत सुरक्षा दोरी घातलेली असावी. रेंजवर तर ती सक्तीची आहे. नळी नेहमी सुरक्षित दिशेला आणि नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, हे दोन नियम पहिल्याच दिवशी शिकवावेत. पावसाळ्यात पेटीतल्या स्पंजात ओल धरते. आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि सरावानंतर धातूच्या भागांवरील घामाचे डाग पुसून काढावेत.

खरेदीच्या दिवशी

दुकानात जाताना प्रशिक्षकाला किंवा क्लबमधील अनुभवी खेळाडूला सोबत न्यावे. मुलाला बंदूक खांद्याला लावून किमान दहा मिनिटे उभे राहू द्यावे. पहिल्या मिनिटाला हलकी वाटणारी रायफल दहाव्या मिनिटाला आपले खरे वजन सांगते. रंग, लखलखीत मुलामा आणि अमुक विजेत्याने हीच वापरली, या गोष्टींकडे दुर्लक्ष करावे. विजेत्याची बंदूक त्याच्या शरीराला जुळवलेली असते. हमी किती वर्षांची, दुरुस्ती कुठे, सिलिंडर बदलण्यास किती खर्च, सोबत काय काय मिळणार, हे पावतीवर लिहून घ्यावे.

महाराष्ट्राच्या मातीत या खेळाची परंपरा आहे. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत धडकलेली अंजली भागवत, २००४ मध्ये अथेन्सला अंतिम फेरी गाठणारी सुमा शिरूर, २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०२२ मध्ये कैरो येथे एअर रायफलचे विश्वविजेतेपद मिळवणारा ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, अशी ही मालिका आहे. स्वप्नील कुसाळेची वाट राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेली. २००९ मध्ये तो तिथे दाखल झाला आणि ऑलिम्पिक पदक आले ते पंधरा वर्षांनी. या पंधरा वर्षांच्या तुलनेत पहिली बंदूक घेण्यापूर्वी रेंजवर काढलेले तीन महिने काहीच नाहीत. तेवढा धीर ज्या मुलाला आणि त्याच्या घराला धरता येतो, त्याला बंदूक निवडणे फारसे अवघड जात नाही.